लिंक देऊ नका, लेखच उचला

तुमचे बातम्यांचे पोर्टल आहे? पणजीत भाड्याची खोली आणि पान भरून जाहिराती आहेत? मग कायद्याला जपूनच राहायला हवे. दुसऱ्याच्या संकेतस्थळाची लिंक देणे म्हणजे जोखमीचे काम. त्यातून कसे निसटायचे ते सांगतो. हे ज्ञान मला नुकतेच एका संपादकाकडून फोनवर, फुकटात मिळाले.

आधी पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत टाका : 'आमच्या लेखी परवानगीशिवाय या संकेतस्थळाची लिंक देणे दंडनीय आहे.' कुठल्या कलमाखाली, ते कोणी विचारत नाही. सरकारी खात्यांची कितीतरी संकेतस्थळे 'खुशाल लिंक द्या, पूर्वपरवानगी नको, फक्त आमचे पान तुमच्या पानातल्या चौकटीत उघडू नका' असे स्वतःच लिहून ठेवतात. सरकार भोळे, तुम्ही राहू नका.

चौकटीत उघडाच. भोवती आपल्या जाहिराती लावा.

कुणाची बदनामी करायची असेल तर 'सरपंचाने पैसे खाल्ले' असा मथळा स्वतः द्या, खाली भलत्याचीच लिंक चिकटवा आणि म्हणा, आम्ही कुठे, ते म्हणतात. नुसती लिंक म्हणजे प्रकाशन नव्हे, असा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल आहे, तो तोंडावर फेका. बदनामीचा मजकूर तुम्ही स्वतः पुन्हा मांडलात तर तो तुमचाच, हे त्याच निकालात आहे. ते पान उलटू नका. बदनामीकारक ट्वीट रिट्वीट करणेही बदनामी ठरू शकते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले, तेही विसरा.

नव्या सिनेमाच्या चोरीच्या प्रतीची लिंक मात्र बिनधास्त द्या. कमाईसाठी लिंक देणाऱ्याला माल बेकायदा असल्याचे ठाऊक होते असे गृहीत धरता येते, असे युरोपीय न्यायालय २०१६ मध्ये म्हणाले. म्हणेना! पोर्तुगीज गोव्यातून १९६१ लाच गेले.

आता रामबाण उपाय. लिंक द्यायचीच नाही, अख्खा लेख उचलायचा. माशेलला देवकीकृष्णाच्या मैदानावर आषाढात चिखलातल्या खेळांचा उत्सव, चिखलकालो रंगतो. कुणीतरी भर पावसात, कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, चिखलात घसरत फोटो काढलेले असतात. म्हाताऱ्यांच्या पायाशी बसून कुठला खेळ कसा खेळतात ते लिहून घेतलेले असते. ते सगळे शुद्धलेखनाच्या चुकांसकट उचला. फोटोतल्या पोरांच्या तोंडावर आपला लोगो ठोका. खाली लिहा, 'सौजन्य : इंटरनेट'. हा इंटरनेट नावाचा गृहस्थ राहतो कुठे, मला एकदा भेटायचे आहे! त्याने पाय चिखलात घातले होते का? ताप त्याला आला होता का?

फोन आलाच तर म्हणा, "अहो बाब, तुमच्या गावाचीच प्रसिद्धी झाली ना?" तरी तो नाव घाला, लिंक द्या म्हणत राहिला, तर आवाज खाली आणून सांगा, "लिंक दिली असती हो, पण त्यात लीगल प्रॉब्लेम असतो."

लीगल प्रॉब्लेम! म्हापशाच्या बाजाराची वाट सांगायला भीती वाटते, म्हणून बाजारातली भरलेली पाटीच डोक्यावर घेऊन पळालात, असे झाले हे. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या ५२व्या कलमात २०१२ च्या दुरुस्तीने लिंक देण्यासाठी संगणकात होणाऱ्या मजकुराच्या तात्पुरत्या साठवणीला, काही अटींवर, सूट दिली. बातमीसाठी वाजवी तेवढा भाग घ्यायलाही सूट आहे. शीर्षकापासून शेवटच्या टिंबापर्यंत सगळे कापून आणायला कुठे सूट आहे, ते कलम मला दाखवा. ५७वे कलम लेखकाला आपल्या कामावर आपले नाव सांगण्याचा हक्क देते. ६३वे कलम जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद सांगते. आणि हक्क मिळायला नोंदणी लागत नाही, त्यामुळे 'तुम्ही रजिस्टर कुठे केले आहे' हा प्रश्न पुन्हा विचारू नका.

लाज वाटायला हवी. जो मजकूर चोरला त्याच्याच खाली 'सर्व हक्क राखीव' लिहिता? कुणाचे हक्क? फोटो आज उतरवा. लेख ठेवायचा तर दोन ओळी ठेवा, लिहिणाऱ्याचे नाव घाला, मूळ पानाची लिंक द्या. जमत नसेल तर पुढच्या आषाढात स्वतः माशेलला या, चिखलात उतरा आणि स्वतःचे चार शब्द लिहा.