अर्ध्या घराचे पूर्ण मालक कसे व्हाल?

घर घ्यायला पैसे कमी पडतात ही तुमची अडचण नाहीच. अडचण आहे ती वृत्तीची. सगळं घर आपलंच असावं, ही कुठली हाव? तेव्हा गुंतवणूकदाराला सोबत घ्या. डाऊन पेमेंटमधला काही भाग तो घालतो, काही तुम्ही घालता, उरलेलं बँक बघते. तो व्याज मागत नाही, दरमहा हप्ता मागत नाही आणि मुख्य म्हणजे राहायला येत नाही. इतका गुणी भागीदार सख्ख्या भावांतही मिळायचा नाही.

सगळ्यात आधी, करार वाचू नका. वाचलं की माणूस उगाच शंका काढत बसतो. माहितीपत्रक वाचा. त्यावर एक जोडपं सामानाच्या खोक्यांवर बसून हसत असतं. (खोकी अजून उघडलेली नाहीत, म्हणून हसू टिकून आहे.) करारात 'मूल्यवृद्धी' हा शब्द पानोपानी येतो आणि त्याची व्याख्या परिशिष्टात असते. परिशिष्ट जोडायचं असतं, त्यात डोकवायचं नसतं.

तरीही हिशेबाची खोड जात नसेल तर एकदा करून टाकू. घराची किंमत १०० धरा. बँकेचे ८०, तुमचे १०, त्याचे १०. किंमत वाढली तर त्या वाढीत त्याचा वाटा, समजा, ४० टक्के ठरला. तुम्ही विचाराल, दहा घालून चाळीस टक्के कसे? अहो, जोखीम! जोखीम तो घेतो. तुम्ही नुसतं कर्ज घेता. दहा वर्षांनी घर १५० ला गेलं. वाढ ५०, त्यातले २० त्याचे, शिवाय मूळचे १०. दहाचे तीस झाले. चक्रवाढीने काढलं तर वर्षाला साडेअकरा टक्क्यांच्या वर पडतात, पण काढताय कशाला? याला व्याज म्हणत नाहीत. व्याज म्हटलं असतं तर तुम्ही दर विचारला असता, चार बँका फिरला असता. वाटा म्हटलं की माणूस कसा लाजून सही करतो.

यात आणखी एक नजाकत आहे, ती ज्याच्या डोक्यातून आली त्याला खरंच मानलं पाहिजे. काही करारांत घराची सुरुवातीची किंमत जरा दाबून लिहितात. सावधगिरी म्हणून. १०० ला घेतलेलं घर कागदावर ९२ चं. म्हणजे किल्ली हातात पडते त्याच क्षणी तुमचं घर ८ ने वाढलेलं असतं! अजून पंखासुद्धा लावलेला नाही आणि वाढ सुरू. पुढे बाजार बसला आणि घर ९५ वर आलं, तरी खचू नका. तुमच्या लेखी ते ५ ने पडलं, त्याच्या लेखी ३ ने चढलं. त्या तिनातले ४० टक्के तुम्ही त्याला द्यायचे, म्हणजे १.२, आणि शिवाय त्याचे १० परत. तोट्यातही वाटेकरी होणारे करार असतात, नाही असं नाही. फक्त अशा वेळी तोट्याला आधी ९२ च्या खाली उतरावं लागतं. तोवरचा तोटा हा तुमचा घरगुती प्रश्न.

वाढीची अशी वाटणी झाली म्हणून तुमचा मान कमी होत नाही. विमा, कर, देखभाल, दुरुस्ती यांत तुम्ही शंभर टक्के मालक. रात्री दोनला न्हाणीघरातला पाइप फुटला आणि तुम्ही पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून बादलीने पाणी उपसत असाल, तेव्हा भागीदाराला फोन लावून वातावरण बिघडवू नका. त्याची गुंतवणूक भिजू नये म्हणूनच तर तुम्ही तिथे राहता.

हे आपल्यालाच सुचलं असंही समजू नका. इंग्लंडमध्ये घराचा काही हिस्सा विकत घ्यायचा आणि उरलेल्याचं भाडं भरायचं, अशी सरकारमान्य योजना अनेक वर्षं आहे. तिथे पाव घराचा मालक अख्ख्या घराची दुरुस्ती स्वतःच्या खिशातून करत आला. २०२१ च्या नव्या नमुन्यात हिस्सा १० टक्क्यांपासून घेता येऊ लागला आणि नव्या घरांत पहिली १० वर्षं काही दुरुस्त्यांचा भार घरमालक संस्थेवर गेला. इतकी वर्षं चाललेली परंपरा मोडली म्हणायची. हिस्सा थोडाथोडा वाढवत नेण्याला तिथे 'स्टेअरकेसिंग' म्हणतात, म्हणजे जिना चढणं. नाव अगदी समर्पक आहे. प्रत्येक पायरी त्या दिवशीच्या बाजारभावाने घ्यायची. तुम्ही पाय उचलेपर्यंत भाव वाढला असला, की जिनाही तेवढा वर सरकलेला असतो.

बारीकसारीक गोष्टी सांगत बसत नाही. भिंत पाडायची तर लेखी परवानगी, खोली भाड्याने द्यायची तर बहुधा नाहीच, दूरच्या गावी नोकरी लागली तर तुम्ही 'स्वतः राहणारे' उरत नाही आणि मग करारभंगाचं कलम जागं होतं. कराराची मुदत संपली की भागीदाराचा वाटा विकत घ्यायचा, नाहीतर घर विकायचं. यावर उपाय सोपा आहे: मुदत संपेपर्यंत श्रीमंत व्हा.

आमच्या एका स्नेह्यांना ते जमलं. पूर्ण श्रीमंत नाही, पण वाटा सोडवून घेण्याइतपत. पैसे साठले, त्यांनी कळवलं, आणि ठरल्या दिवशी व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा, आला. त्याची फी यांनीच भरली, कारण गरज यांना होती. गृहस्थ सज्जन होता, चपला बाहेर काढून आत आला. लेझरच्या टेपने खोल्या मोजल्या, न्हाणीघरातल्या फरशा बोटाच्या पेराने टकटक वाजवून पाहिल्या, नळ सोडून पाहिला. मग खिडकीपाशी थांबला. तिथे स्नेह्यांनी लाकडी बैठक केली होती, खाली पुस्तकांचे कप्पे, वर गादी. सहा-सात रविवार पॉलिश पेपर घासून अंगठ्याची साल निघाली होती. पावत्या ठेवल्या नव्हत्या. सुधारणेचा खर्च किमतीतून वजा मिळायला पावत्या लागतात हे परिशिष्टात होतं, आणि परिशिष्ट त्यांनी माझ्याच सल्ल्याने वाचलं नव्हतं. शिवाय अंगठ्याची पावती कुठून आणणार?

व्हॅल्युअरने बैठकीच्या कडेवरून हात फिरवला. "काम सुरेख आहे. कोणाकडून करून घेतलंत?"

"मीच केलंय," स्नेही म्हणाले, आणि इतक्या वर्षांत त्या घरात पहिल्यांदाच त्यांची छाती जरा फुगली.

"वा!" तो मनापासून म्हणाला, आणि आकडा खोडून त्याने नवा, मोठा आकडा लिहिला.