सावकाश री, सावकाश

बंगळूरहून परतलेल्या माझ्या भाचीने बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका हॉलमध्ये ब्लूज नृत्याचा (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गाण्यांवरच्या जोडीच्या नाचाचा) वर्ग काढला आणि पहिल्याच शनिवारी तिला एक पुरुष कमी पडला. "मामा, काही नाही, नुसतं चालायचं आहे," असे तिने सांगितले. चालण्याचा मला अठ्ठावन्न वर्षांचा अनुभव असल्यामुळे मी होकार दिला आणि सौभाग्यवतींनाही सोबत घेतले.

मला चालता येत नाही, हे पहिल्या दहा मिनिटांत सिद्ध झाले. ज्या गावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, तिथल्या शाळेत कवायतीच्या सरांनी "छाती पुढे, गुडघे ताठ" हे एवढे अंगात मुरवलेले असते, की पुढे लेझीम खेळताना, लग्नात फोटो काढून घेताना, किंबहुना दंतवैद्याच्या खुर्चीतसुद्धा आम्ही सावधान असतो. ब्लूजला हे चालत नाही. त्यात गुडघे सैल सोडायचे, वजन जमिनीकडे जाऊ द्यायचे आणि ठोक्यागणिक अंगात एक हलका हेलकावा खेळवत ठेवायचा. त्याला भाची 'पल्स' म्हणत होती. माझा पल्स पाहून सौभाग्यवतींनी हळूच विचारले, "अहो, बसायचं आहे का?"

जोडीत एकाने 'लीड' व्हायचे आणि दुसऱ्याने 'फॉलो'. यात पुरुष कोण आणि स्त्री कोण, याला महत्त्व नसते, असे कळताच मी संसाराच्या अनुभवावर भिस्त ठेवून फॉलो मागितले; पण मिळाले लीड. हाताने ढकलायचे नसते म्हणे. आपले वजन आधी सरकते आणि ते पाठीवरच्या तळव्यातून समोरच्याला कळते. आमच्या सौभाग्यवतींना काहीच कळले नाही. "कुठं निघालाय ते तोंडानं सांगा की," त्या म्हणाल्या.

गाणे मडी वॉटर्सचे होते. मिसिसिपीच्या कापसाच्या मुलखातला हा माणूस १९४३ साली शिकागोला गेला आणि तिथे त्याची गिटार विजेवर वाजू लागली. (मडी वॉटर्स म्हणजे गढूळ पाणी, पावसाळ्यात आमच्या विहिरीला येते तेच.) त्या मुलखातल्या कृष्णवर्णीय मजुरांच्या गर्दीच्या गुत्त्यांत हे नाच वाढले. तिथे पाय पसरायला जागा नसल्यामुळे पावले आखूड पडत आणि सारा खेळ अंगात चाले. भाचीने पुढे सांगितले, की बारा बारचे (बार म्हणजे तालाचा एक खंड) एक आवर्तन, प्रत्येक बारात चार ठोके, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस. पहिली ओळ दोनदा म्हणायची आणि तिसरीत तिला उत्तर द्यायचे.

इथे मला धीर आला. आमच्या गल्लीच्या भजनी मंडळात मी वीस वर्षे टाळ वाजवतो. बुवांनी म्हणायचे आणि आम्ही झेलायचे, हे आम्हाला नवे नाही. घात त्या धीरानेच केला. तिसऱ्या ओळीवर माझ्या पायांनी परस्पर दिंडीतली पावली धरली आणि मोज्यातला माझा उजवा पाय सौभाग्यवतींच्या जोडव्यावर जोरात पडला. जोडवे चांदीचे आणि जुन्या घडणीचे असल्यामुळे कळ दोघांनाही सारखीच आली. बोलल्या मात्र त्या एकट्याच.

तेवढ्यात जोड्या बदलल्या. माझ्यासमोर आलेल्या बाई निवृत्त कन्नड शिक्षिका होत्या. त्यांचे मराठी आणि माझे कन्नड एकाच इयत्तेतले. गिटार थांबली, की ती पोकळी भरून काढण्याची मला घाई होई आणि एका ठोक्यात मी तीन पावले टाकी. त्या प्रत्येक वेळी माझ्या खांद्यावर दोन बोटांनी टकटक करून म्हणत, "सावकाश री, सावकाश." 'री' म्हणजे कन्नडमधले 'अहो'; पण 'सावकाश' हा शब्द दोन्ही भाषांत एकच असल्यामुळे कळला नाही असे म्हणण्याचीही सोय नव्हती.

शेवटच्या आवर्तनात गायक मध्येच गप्प झाला आणि नेमका त्याच क्षणी माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला. मी गुडघा वाकवून, डोळे मिटून, श्वास रोखून होतो तिथेच थिजलो. बाईही थांबल्या. चार ठोके गेले, आठ गेले. "बघा, मामांकडे बघा!" भाची ओरडली. "न हलता नाचणं म्हणतात ते हेच!" टाळ्या पडल्या. बाई म्हणाल्या, "बरोबर री!"

सौभाग्यवती कोपऱ्यातल्या खुर्चीवर अंगठा चोळत बसल्या होत्या. माझ्या चेहऱ्याकडे एकवार पाहून त्यांनी पर्समधून बाम काढला.