बर्फ कायम दहा दिवसांवर

पुण्यातल्या सिमला ऑफिसच्या चौकातून आत वळलं की चहाच्या टपरीला लागून आमचा कट्टा. जानेवारीतली संध्याकाळ होती. निम्मी मंडळी माकडटोपीत, आणि इंग्लंडातल्या लीड्सहून सुट्टीवर आलेला संद्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. चेहरा मात्र सुतकी. तिकडे नोव्हेंबरपासून वारा थांबायचं नाव घेत नाही, पारा दहा-अकराला चिकटलेला आणि बर्फाचा पत्ता नाही, हे त्याचं दुःख.

"अरे, मग घर गरम ठेवायचं बिल कमी आलं असेल ना? पेढे वाट," मिल्या म्हणाला.

"तुला नाही कळायचं."

आमच्याकडे हे वाक्य म्हणजे काडी टाकणं. पेटलं.

संद्याचं म्हणणं असं, की त्याच्यासारखे हवामानाचे नादखुळे तिथे ढिगानं आहेत. अमेरिकन मॉडेलचे, म्हणजे संगणकानं काढलेल्या अंदाजाचे, नकाशे दिवसातून चारदा येतात, युरोपियन मॉडेलचे वेगळे. ही मंडळी एकेक नकाशा उघडून बघतात. समुद्रसपाटीपासून साधारण दीड किलोमीटर वरचं तापमान उणे पाचच्या खाली गेलं, की यांच्या जिवात जीव येतो, कारण ढोबळ हिशोबानं त्याच्या आत बर्फाची आशा असते. रात्री दहाच्या सुमाराला अमेरिकन मॉडेलचा जो रन, म्हणजे नकाशांची ताजी फेरी, येतो त्याला 'पब रन' म्हणतात. त्या वेळी तिथे लोक पबात असतात, आणि रनही दोन पेग लावल्यासारखा काहीही दाखवतो, असा लौकिक. स्कँडिनेव्हियावर भलंमोठं जास्त दाबाचं क्षेत्र, त्याच्या खालून रशियाकडून थेट येणारे पूर्वेचे वारे, इंग्लंडभर थंडीचा जांभळा रंग. तारीख बघावी तर दहा दिवसांनंतरची. सकाळी उठून बघावं तर सगळं गायब, अटलांटिकवर पुन्हा वादळांची रांग. आणि बर्फ? तो परत दहा दिवसांवर.

"म्हणजे आमच्या बिल्डरचं पझेशन," शेखर म्हणाला.

"मग बघतोस कशाला?" सुजातानं विचारलं. ती डॉक्टर आहे, तिचे प्रश्न असेच असतात.

"२०१८ मुळे."

त्या वर्षी फेब्रुवारीच्या मध्याला उत्तर ध्रुवावर, तीसेक किलोमीटर उंचीवर, हवा एकाएकी तापली. एरवी हिवाळाभर ध्रुवाभोवती गरगरणारे पश्चिमी वारे मोडले आणि उलटे वाहू लागले. दोन आठवड्यांत पूर्वेचा गारठा इंग्लंडात उतरला. वर्तमानपत्रांनी त्याला 'बीस्ट फ्रॉम द ईस्ट' म्हटलं. मार्च लागताना दक्षिणेकडून एमा नावाचं वादळ आलं आणि त्या गारठ्यावर आदळलं. रस्त्यांवर गाड्या अडकून पडल्या. संद्या तेव्हा तिथे नवा. रात्री दोनला पडदा सारून रस्त्यावरच्या दिव्याकडे बघत बसायचा. हीसुद्धा तिथली रीतच आहे. काळोखात बारीक बर्फ दिसत नाही, पण दिव्याच्या उजेडात चटकन कळतं. पाऊस तिरप्या रेघा ओढत थेट खाली येतो. बर्फ रेंगाळतो, वाऱ्यानं मध्येच वर जातो, पुन्हा येतो. कणाकणानं जड व्हायला लागला, झपझप खाली उतरायला लागला, की समजायचं, आता याचा पाऊस होणार, झोपा.

"हे बघायला तू नोकरी असताना रात्री दोनपर्यंत जागतोस?"

"क्रिकेटला तू पहाटे पाचला उठतोस ना?"

मिल्या गप्प झाला, पण नाना बोलते झाले. नाना वेधशाळेतून निवृत्त. एरवी ते चहा संपेपर्यंत बोलत नाहीत.

"२०१८ सांगतोस, २०१९ सांग की."

संद्यानं मान खाली घातली.

"त्या जानेवारीतही वर ध्रुवावर तसंच झालं होतं. तुमचे लोक हरखले असतील. आणि २६ फेब्रुवारीला लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये किती होतं? २१.२. ब्रिटनच्या हिवाळ्यात त्या आठवड्याआधी कधी वीसची वेस ओलांडली नव्हती."

"नाना, मीठ चोळू नका हो."

मिल्याला जोर आला. त्याचं म्हणणं, वारा हेही हवामानच की. वादळं येतात, त्यांना २०१५ पासून नावंही देतात, मग त्याचीच मजा घ्यावी. यावर संद्यानं डिसेंबर २०१५ काढला. मध्य इंग्लंडच्या तापमानाच्या नोंदी १६५९ पासूनच्या आहेत. एवढी लांब साखळी जगात दुसरी नाही. त्यातला सगळ्यांत उबदार डिसेंबर तो, सरासरी ९.७, म्हणजे तिथल्या नेहमीच्या एप्रिलपेक्षा वर. त्याच महिन्यात डेस्मंड वादळानं लेक डिस्ट्रिक्टच्या हॉनिस्टर खिंडीत चोवीस तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस पाडला, तो ब्रिटनचा विक्रम.

"३४१?" मिल्या म्हणाला. "सांताक्रूझला २००५ च्या २६ जुलैला ९४४ झाला होता."

यावर सगळे हसले, पण माझ्या मते हा मुद्दा फुकट गेला. लीड्स जवळजवळ ५४ अंश उत्तरेला आहे. त्याच अक्षांशावर पलीकडे कॅनडातलं लॅब्राडोर, तिथे हिवाळाभर सगळं गोठलेलं. इंग्लंडात तसं होत नाही, कारण वारा समुद्रावरून येतो आणि समुद्र जानेवारीतही नऊ-दहा अंशांवर असतो. संद्या ज्याला बिघडलेला हिवाळा म्हणतो, तोच तिथला नेहमीचा हिवाळा. बर्फ पडायला आधी काहीतरी मोडावं लागतं.

"हे सगळं त्या वॉकरनं इथेच बसून शोधलं ना?" शेखरनं समोरच्या हवामान खात्याच्या इमारतीकडे बोट केलं.

"इथे नाही," नाना म्हणाले. खात्याच्या इतिहासात कुणी चूक केली तर नानांना चहा गोड लागत नाही. गिल्बर्ट वॉकर केंब्रिजचा गणिती, १९०४ मध्ये भारतीय हवामान खात्याचा प्रमुख झाला. हवामानाचं शिक्षण नव्हतं. काम एकच, मॉन्सून बुडणार की नाही ते आधी सांगा. १८९९ चा दुष्काळ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्यानं जगभरातले दाबाचे, तापमानाचे, पावसाचे आकडे जमवले आणि खात्यातल्या कारकुनांना हाताने गणितं करायला बसवलं. इथे दाब वाढला तर तिथे काय होतं, अशा शेकडो जोड्या. मॉन्सूनचं नेमकं भाकीत काही हाती लागलं नाही, पण त्या आकड्यांतून हवेच्या दाबाचे मोठे झोके सापडले. एक पॅसिफिकमधला, ज्याला आज आपण एल निनोबरोबर जोडतो. दुसरा उत्तर अटलांटिकचा. आइसलँडजवळ दाब कमी, अझोर्स बेटांजवळ जास्त. हा फरक वाढला, की पश्चिमेचे वारे सुसाटतात आणि ब्रिटनचा हिवाळा ओला, वादळी आणि उबदार जातो. फरक घटला, की थंडीला वाट मिळते. 'नॉर्थ अटलांटिक ऑसिलेशन' हे नाव त्याचंच. १९२४ मध्ये तो गेला. सिमल्याचं कार्यालय पुण्यात आलं १९२८ ला, येताना नाव घेऊन आलं.

"म्हणजे संद्याचा बर्फ पळवणाऱ्याचं बारसं आपल्या खर्चानं झालं," मिल्या म्हणाला.

"पुढचं ऐक. २०१९ ची दिवाळी आठवते?"

आठवत होती. आकाशकंदील भिजले होते, फटाके सादळले होते. पाऊस जायलाच तयार नव्हता. नाना म्हणाले, त्या वर्षी हिंदी महासागराचा आफ्रिकेकडचा भाग तापलेला आणि इंडोनेशियाकडचा गार, असं जोरदार द्विध्रुव होतं. पुढच्या हिवाळ्यात ब्रिटनमध्ये किआरा आणि डेनिस ही वादळं पाठोपाठ आली, आणि फेब्रुवारी २०२० हा तिथल्या नोंदींतला सगळ्यांत ओला फेब्रुवारी ठरला. वरचे वारे असे, की न्यूयॉर्कहून निघालेलं एक प्रवासी विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला टेकलं. ब्रिटिश हवामान खात्याच्या अभ्यासकांनी नंतर दाखवलं, की त्या हिवाळ्याच्या जोराला आपल्या महासागरातल्या या द्विध्रुवाचा हातभार होता.

"म्हणजे माझा कंदील आणि याचा बर्फ एकाच पापानं गेले?"

"एका वाट्यानं. बाकीचे वाटेकरी वेगळे," नाना म्हणाले. निवृत्त झाले तरी अंदाजाला शेपूट लावायची सवय गेलेली नाही.

सुजाता एवढा वेळ शांत होती. "मला एक सांग," ती म्हणाली, "खरी थंडी पडली तर म्हातारी माणसं मरतात. हाडं मोडून दवाखान्यांत रांगा लागतात. तू मागतोस काय, ते कळतं का तुला?"

"मी मागितलं म्हणून पडतो का? आणि पडला नाही तर पूर येतातच की. डेस्मंडमध्ये लोकांच्या घरांत पाणी होतं."

"तुझं उत्तर बरोबर आहे, पण सोयीचं आहे."

मला सुजाताचं अर्धं पटलं. १९६३ च्या जानेवारीत मध्य इंग्लंडची महिन्याची सरासरी उणे २.१ होती. तसला महिना पुन्हा आला तर तीन दिवसांत संद्याची हौस फिटेल आणि तो नळ गोठल्याच्या तक्रारी करत फोन करेल. पण त्याला हौस बर्फाची आहे असंही मला वाटत नाही. नाद आहे तो नकाशाचा. दहा दिवस आधी आपण पाहिलेला तो जांभळा रंग खरा ठरावा, एवढंच. बर्फाच्या दिवशी हा माणूस बाहेर खेळायला जाणार नाही, पुढचा रन बघत बसेल. हे मी बोलून दाखवलं, तर म्हणाला, "मग? तुम्ही ३१ मेपासून केरळचे ढग बघत नाही का?"

"बघतो. पण मॉन्सून येतो," नाना म्हणाले.

शेखरनं मग महाबळेश्वर काढलं. दर हिवाळ्यात वेण्णा लेकच्या जेटीवर, लिंगमळ्यात आणि गाड्यांच्या टपांवर दव गोठतं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'मिनी काश्मीर'. वेधशाळेचा पारा शून्याच्या बराच वर असतो, फक्त जमिनीलगतची हवा गोठणबिंदूला जाते. लोक टपावरचं पांढरं खरवडून मुठीत घेतात आणि फोटो काढतात. "आपल्याला तेवढं पुरतं. तुम्हाला सायबेरिया लागतो."

शेवटी पैज लागली. संद्या पुढच्या आठवड्यात परत जाणार, तेव्हापासून फेब्रुवारीअखेर लीड्सला बर्फ पडला तर उन्हाळ्यात सगळ्यांना मस्तानी शेखरकडून, नाही तर संद्याकडून. लगेच भांडण व्याख्येवर. संद्या म्हणे, एक कण पडला तरी झालं. तिथे नाताळच्या बर्फाचा निकाल असाच लावतात, २५ डिसेंबरच्या चोवीस तासांत देशात कुठेही एक कण उतरलेला दिसला की नाताळ पांढरा.

"एका कणावर मी मस्तानी देणार नाही," शेखर म्हणाला.

नानांनी निवाडा केला. सकाळी नऊच्या निरीक्षणाला निम्म्याहून जास्त जमीन झाकलेली पाहिजे, तरच बर्फ साचला असं नोंदतात. तोच नियम.

"नऊ कुणाचे?"

"ग्रिनिचचे."

"म्हणजे आपले दुपारचे अडीच," शेखरनं हिशोब केला. "फोटो पाठवायचा. आणि शेजारी त्या दिवसाचा पेपर ठेवायचा. जुना २०१८ चा खपवशील."