हवेचं भाडं

परदेशातून बूट मागवणारा माणूस बुटांचं माप चार वेळा तपासतो. खोक्याचं माप विचारायचं मात्र त्याच्या स्वप्नातही येत नाही. परदेशातला माल आपल्या दारी पोहोचवणाऱ्या फॉरवर्डरचं पोट याच विसराळूपणावर भरतं.

व्यवस्था तशी साधी. अमेरिकेतलं दुकान दादर-दहिसरला माल पाठवत नाही, म्हणून फॉरवर्डर तुम्हाला तिथल्या आपल्या गोदामाचा पत्ता देतो. त्यात तुमचा सूट नंबर असतो. डबेवाल्यांच्या झाकणावरच्या खुणेसारखाच तो. लिहायचा राहिला की खोकं गोदामात बेवारस. (नाव सूट असलं तरी सूट कशातच नसते.) गोदाम डेलावेअर किंवा ओरेगॉनमध्ये असेल तर राज्याचा विक्रीकर नाही, तेवढे पैसे वाचतात.

मग येतं दरपत्रक. "किलोला किती?" असं सगळे विचारतात, जणू कांदे घ्यायचेत. पण इथे किलो दोन जातींचे. एक काट्यावरचा, दुसरा आकारमानाचा: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले 5000. जो जास्त भरेल त्याचे पैसे. समजा, बूट 900 ग्रॅमचे. त्यांचा डबा 33 × 21 × 12, म्हणजे 1.66 किलो, अर्ध्या किलोच्या टप्प्याने वर ढकलला की 2. दुकानाने तो डबा 45 × 35 × 25 च्या खोक्यात कागदाचे बोळे कोंबून पाठवला की 7.88, म्हणजे 8 किलो. बूट अजून 900 ग्रॅमचेच. वरचे सात किलो ही अमेरिकेची हवा, आणि ती विमानाचं भाडं भरून अशा शहरात येते, जिथे लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धा माणूस टेकतो आणि पास पूर्ण काढतो.

म्हणून किलोचा दर मी सर्वांत शेवटी बघतो. आधी तीन गोष्टी. भागाकार 5000 ने की 6000 ने? 6000 असेल तर तेच खोकं 6.56 भरतं, म्हणजे 7 किलो. वजन वर ढकलता ते अर्ध्या किलोने की पूर्ण? आणि बुटांचा डबा फेकून नुसते बूट गुंडाळून द्यायचे किती घेता? ज्याचा दर सगळ्यांत कमी, त्याची रीपॅकिंगची, फोटोची, साठवणुकीची फी हमखास बारीक अक्षरात असते. लग्नाच्या हॉलचं तसंच: भाडं कमी, पण वीज, सफाई आणि भटारखाना वेगळा.

चार दुकानांची खोकी एकत्र मागवणं परवडतं, कारण पहिला अर्धा किलो सर्वांत महाग असतो. पण एकत्र कुटुंबात एकाचा दोष सगळ्यांना भोवतो. कोणाच्या तरी पोटात सुटी पॉवर बँक निघते आणि सगळी वरात थांबते. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या 2016 पासून प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत. अत्तर ज्वलनशील, त्याची वेगळी कटकट.

यातून निभावून खोकं सहारच्या विमानतळावर उतरतं, तिथे कस्टम्स. "गिफ्ट म्हणून लिहायला सांग" असा सल्ला देणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. काकांची माहिती शिळी आहे: भेटवस्तूंची 5000 रुपयांची सवलत डिसेंबर 2019 मध्येच गेली. वाचली ती राखी आणि जीवरक्षक औषधं. बुटांना राखी बांधून भागत नाही. शुल्क लागतं ते वस्तू, विमा आणि भाडं यांच्या बेरजेवर, म्हणजे आपल्या त्या हवेवरसुद्धा. कृपा एवढीच, की विमानभाडं मालाच्या किमतीच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. मूळ शुल्क, त्यावर अधिभार, मग या सगळ्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. कुरियरने हे तुमच्या वतीने आधी भरलं तर त्या उपकाराची फी, आणि उपकारावर जीएसटी. सांगितलेल्या दरात यातलं काय धरलंय, हे लेखी घ्यावं. "बिल कमीचं दाखवतो" म्हणणारा फॉरवर्डर तर टाळावाच. माल पकडला गेला तर उत्तरं तुम्ही द्यायची, हरवला तर विमा त्या कमी बिलाचाच.

कस्टम्सच्या केवायसीत नाव जुळावं लागतं. आधारवर वडिलांचं नाव मधोमध, दुकानाच्या खात्यावर मात्र नुसतं 'सोनू'. पत्त्याची तऱ्हा वेगळीच. बऱ्याच कुरियर कंपन्यांच्या फॉर्मवर एका ओळीत 35 अक्षरं मावतात, आणि आपल्या 'को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी लिमिटेड'लाच तेवढी पुरत नाहीत. विंग आणि फ्लॅट नंबर पहिल्या ओळीत घालावा, नाहीतर खोकं वॉचमनकडे येतं आणि वॉचमन चार विंगना फोन लावत बसतो.

शेवटी बूट पायात जातात आणि 45 × 35 × 25 चं खोकं गॅलरीत उरतं. महिन्याभराने ते रद्दीवाल्याकडे जातं. तो ते पायाखाली सपाट करतो, काट्यावर टाकतो आणि म्हणतो, "पाव किलो पण नाय."