क्लच नसलेली गाडी आणि वळणातला विश्वास: ५००ई व एम५बद्दल आणखी थोडं

नमस्कार,

मर्सिडीज ५००ई हाताळणीत बीएमडब्ल्यू एम५पेक्षा सरस आहे, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ‘जिला क्लचच नाही ती मर्सिडीज ५००ई हाताळणीत बीएमडब्ल्यू एम५च्या पुढे कशी? शेवटी ती टॅक्सीच,’ असं तुम्ही लिहिलंत. स्टिअरिंगबद्दलची माझी चूकही दाखवलीत. ती आधी कबूल करतो. ई३४ पिढीच्या (म्हणजे इथे बोलतोय त्या) एम५ला रॅक अँड पिनियन, म्हणजे दातेरी पट्टीचं स्टिअरिंग नाही, मर्सिडीजसारखंच रीसर्क्युलेटिंग बॉलचं, म्हणजे फिरत्या गोळ्यांवर चालणारं स्टिअरिंग आहे. लेख दुरुस्त केलाय.

इंजिनाबाबत आपलं भांडण नाहीच. एम५चं ३.६ लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल, ३१५ अश्वशक्ती आणि तीही मिनिटाला ६,९०० फेऱ्यांना. ते इंजिन वर वर चढत जातं तेव्हा गिअर बदलावासा वाटत नाही. ५००ईच्या पाच लिटर व्ही८ची ताकद ३२६, म्हणजे जवळपास तेवढीच. पण तिचा टॉर्क, म्हणजे चाकं फिरवण्याचा जोर, ४८० न्यूटन-मीटर, एम५चा ३६०. शंभराचा वेग दोघी साधारण सहा सेकंदांत गाठतात. मर्सिडीजचा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खालच्या गिअरमध्ये यायला वेळ घेतो, हेही मान्य.

पण गिअरबॉक्स म्हणजे हाताळणी नव्हे. माझा मुद्दा मागच्या चाकांचा होता. एम५ला मागे सेमी-ट्रेलिंग आर्म आहेत, म्हणजे प्रत्येक चाक तिरक्या बिजागरीवर हलणाऱ्या एकाच दांडीने धरलेलं. वळणात मध्येच अ‍ॅक्सिलरेटर सोडला की वजन पुढे जातं, मागची बाजू उचलली जाते आणि आर्मची बिजागरी तिरकी असल्यामुळे चाकांची दिशा किंचित बदलते. शेपटी बाहेर जाऊ बघते. बीएमडब्ल्यूने ही खोड बरीच काबूत आणली, पण ती गेली नाही. मर्सिडीजने १९८२च्या १९०पासून प्रत्येक मागचं चाक पाच दांड्यांनी धरलं. चाक वरखाली होतं, पण दिशा सोडत नाही. स्टुटगार्टजवळ श्वेबिश आल्बच्या वळणांवर, ओल्या पानांनी भरलेल्या रस्त्यावर, मी एका मित्राच्या या दोन्ही गाड्या एकाच दिवशी चालवल्या. एम५मध्ये मी प्रत्येक वळणाआधी श्वास धरत होतो. ५००ईमध्ये पुढचं वळण शोधत होतो.

आणि टॅक्सी? ५००ई ज्या मालिकेतली, ती डब्ल्यू१२४ जर्मनीत टॅक्सी म्हणून धावली, खरंच. १९९५पासून पुण्यात जुळवलेली मर्सिडीजही हीच, मागची पाच दांड्यांची रचनाही तीच. पण ५००ईचे फेंडर (चाकांवरचे पत्रे) इतके रुंद होते की ती मर्सिडीजच्या झिंडेलफिंगेन कारखान्यातल्या नेहमीच्या लाइनीत मावेना. म्हणून पोर्शच्या झुफनहाउझेनच्या कारखान्यात बॉडी जोडायची, रंगासाठी झिंडेलफिंगेनला परत न्यायची आणि शेवटच्या जोडणीला पुन्हा पोर्शकडे आणायची. अशा १०,४७९ गाड्या झाल्या.

कोरडा, गुळगुळीत, रिकामा रस्ता मिळाला तर मीही एम५चीच किल्ली उचलेन. तुम्ही चालवलेली कोणती? १९९२नंतरची ३४० अश्वशक्तीची ३.८ लिटरची एम५ असेल, तर तिचा अनुभव सविस्तर लिहा. मी फक्त ३.६ चालवलीय आणि वरचं सगळं तिच्यापुरतंच आहे.