थर्मोस्टॅट काढून टाका, सुखी व्हा

दारात जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या तमाम भाविकांनो, तुमच्यासाठी चार हिताच्या गोष्टी सांगतोय. ताज्या अनुभवाच्या आहेत, वाफ अजून निवलेली नाही.

माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे. दोन दारं, दोन सीटा, फायबरची बॉडी आणि आत रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन. तेच इंजिन युरोपात क्लिओ आणि ट्विंगोत बसलं. ताकद ६० हॉर्सपॉवर. आजकाल एवढ्यात कोणी भाजी आणायलासुद्धा जात नाही, पण गाडी हलकी आहे, जमिनीलगत बसायला मिळतं, आणि गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या बाजारात पोरं अजून हात दाखवतात. मोठी माणसं वेगळं विचारतात, ‘अजून ठेवलीय?’

तर पहिली गोष्ट. सर्व्हिसिंगचं पुस्तक रद्दीत घाला. मेकॅनिकला राग येतो.

ऑइल कोणतं घालायचं हे विचारू नका. ड्रममध्ये असेल ते आपलं. पुस्तकात ग्रेड लिहिलेला असतो, वर्षातून एकदा तरी बदला असंही लिहिलेलं असतं, गाडी हजारच किलोमीटर फिरली तरी. पण पुस्तक रद्दीत गेलं ना? मग झालं.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या झडपा वेळेवर हलवणारा रबरी पट्टा, बदलायची घाई नको. ‘पात्रांव, गाडी चलूंकच ना, बेल्ट नवोच आसा!’ (मालक, गाडी चाललीच नाही, बेल्ट नवाच आहे!) हे वाक्य मी तीन गॅरेजांत ऐकलंय. रबर कपाटात ठेवलं तरी म्हातारं होतं, त्याला किलोमीटर मोजता येत नाहीत, फक्त वर्षं मोजता येतात, हे बोलायचं नाही. बोललात तर ‘तुमी इंजिनियर मरे?’ असं येतं. बदलायचाच झाला तर नुसता बेल्ट बदलून घ्या. तो ताणून धरणारा टेन्शनर जुनाच राहू दे, बिचारा इतकी वर्षं नोकरीत आहे.

पेट्रोलबद्दल काही बोलायचं नाही. वीस टक्के इथेनॉल. पुरे.

पावसाळ्यात गाडी जूनपासून झाकून ठेवा आणि सप्टेंबरपर्यंत बघूही नका. उंदरांना वायरिंग लागतं, छपराला बुरशी लागते, हॅन्डब्रेक जिथल्या तिथे चिकटतो. निसर्ग आहे.

गाडी कामाला टाकायचा मुहूर्त म्हणजे चवथीच्या, आमच्या गणेश चतुर्थीच्या, आधीचा पंधरवडा. तेव्हा गॅरेजवाला ‘फाल्यां मेळटली’, उद्या मिळेल, म्हणतो. ही फाल्यां चवथ झाल्यावर, गणपतीवर टांगलेल्या माटोळीची फळं वाटून संपल्यावर येते. आणि आता येतो मुख्य सल्ल्याकडे.

थर्मोस्टॅट काढून टाका.

तुम्ही काढायची गरज नाही, गॅरेजवाला काढतो. न विचारता. मी गाडी टायमिंग बेल्टला टाकली होती. परत आणली तर सकाळी हीटरमधून गार वारा, तापमानाचा काटा अर्ध्यावर चढायला तयार नाही आणि पेट्रोल घागरीने. फोन केला. म्हणाला, ‘पात्रांव, तो काडून उडयला. गोंयांत थंडी खंय आसा?’

काय उत्तर देणार? गोव्यात थंडी नाही, मान्य. पण थर्मोस्टॅट म्हणजे काय गाडीला घातलेला स्वेटर आहे? बाहेर बत्तीस अंश आहेत. इंजिनाला नव्वदच्या आसपास लागतात. पाणी तेवढं तापेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही आणि तापलं की सोडायचं, एवढंच त्या मुठीएवढ्या झडपेचं काम. ती काढली की इंजिन कायम अर्धवट गार. कॉम्प्युटरला वाटतं आत्ताच चालू केलंय, तो पेट्रोल जास्त सोडतो. ते जास्तीचं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पुरतं तापत नाही म्हणून आतली ओल उडून जात नाही आणि टोपण उघडलं की खाली चहात बिस्किट विरघळल्यासारखा लगदा. हे सगळं कशासाठी? गरम होऊ नये म्हणून! जी गाडी गरम होतच नव्हती, ती!

बरं, काढला तर काढला. त्याचं घर, हाउसिंग, परत बसवताना सांध्यात नवं गॅस्केट कुठलं? सिलिकॉनची अख्खी ट्यूब पिळली. बिलात ‘कूलंट’ म्हणून ४५० रुपये लावले आणि घातलं काय, तर विहिरीचं पाणी. जांभ्यातून झिरपलेलं, बादलीला तांबडा थर धरणारं आमचं विहिरीचं पाणी. विचारलं तर म्हणे, ‘बांयचें उदक, एकदम नितळ.’ अहो, तुळशीला घाला ते!

हे मला कळेपर्यंत आम्ही चोर्ला घाटात होतो. बेळगावला मेव्हणीकडे निघालो होतो. केरी सोडली, चढ लागला, सेकंड गिअर, आणि काटा जरा चढून परत खाली आला. मला बरं वाटलं. इथेच शिकण्यासारखं आहे, बरं का. त्या काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणीच निघून गेलं तर तो हवेत लोंबकळतो आणि काटा खाली येतो. म्हणजे इंजिन करपत होतं आणि डॅशबोर्ड मला सांगत होता, सगळं थंड आहे. सिलिकॉन सुटलं होतं, पाणी चढाच्या पहिल्या वळणापासूनच गळत आलं होतं. मग कूलंट गळल्याचा गोड वास आला नाही, कारण कूलंटच नव्हतं ना! थेट बॉनेटमधून पांढरा ढग. सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, ‘छप्पर उघडून बसूया, वाफ अंगावर तरी येणार नाही.’

घाटात रेंज कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. दोन तासांनी रिकव्हरी व्हॅन आली. गाडी पुढे बेळगावलाच नेली. इंजिनाच्या डोक्याखालचं हेड गॅस्केट गेलेलं, हेडला बाक आलेला. तिथल्या कारखान्यांच्या उद्यमबागेत फेसिंगला, घासून सपाट करायला, दिलं. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने हेडवर पट्टी ठेवली, खालून उजेड दाखवला आणि एवढंच विचारलं, ‘थर्मोस्टॅट कुणी काढला?’ मान खाली घालून उभा राहिलो, जणू मीच काढला. त्याने बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, क्रमाने, टप्प्याटप्प्याने आवळले. माझ्या गाडीला टॉर्क रेंच लागलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

आमच्या गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, ‘पात्रांव, काटो सकयल आशिल्लो न्ही? मागीर गरम कशी जातली?’ काटा खाली होता ना, मग गरम कशी होईल?

आता पुरे झाले सल्ले. अरे बाबा, तुला नाही माहीत तर नाही माहीत म्हण. ही गाडी मी कधी उघडली नाही, बेळगावला न्या, म्हण. मी चहा पाजून निघून गेलो असतो. पण तुला नाही म्हणायला लाज वाटते आणि दुसऱ्याच्या इंजिनातला पार्ट काढून फेकायला लाज वाटत नाही. पाण्याचे ४५० लावताना वाटली नाही. आणि मीही मूर्ख, की बिल न वाचता पैसे दिले आणि वर चवथीच्या करंज्या दिल्या.

तो थर्मोस्टॅट तू टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकलास, मी पाहिलंय. बेळगावात तसा मिळाला नाही. शनिवारी सकाळी येतोय. डबा पालथा करून शोधून ठेव. ‘फाल्यां’ म्हणायचं नाही.