कोणता डोळा, ते आईला विचारा

दिवाळीनंतर आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून इंग्लंडमधल्या लीड्सहून ठाण्याला आले होते. नौपाड्यातलं छोटं हॉस्पिटल. सकाळी आठला जायचं, दुपारी जेवायला घरी. डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण सगळं बोलणं माझ्याशी. "आजींना सांगा, डोळा चोळायचा नाही." आजी शेजारच्याच खुर्चीत, तीस वर्षं गणित शिकवून रिटायर झालेल्या, कान ठणठणीत. संमतीपत्रही बिलाच्या काउंटरवर माझ्याचपुढे सरकवलं, इंग्रजीतलं, सहीच्या जागी पेनाने फुली मारून. मी ते आईकडे दिलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, त्या कशाला? तुम्हीच करा ना." रुग्णहक्कांची सनद मात्र होती भिंतीवर, २०२१च्या राज्याच्या नियमांप्रमाणे, वॉटर कूलरच्या मागे.

त्याच्या दोन वर्षं आधी लीड्समध्ये माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेही सकाळी जाऊन संध्याकाळी परत. नाव, जन्मतारीख, कसलं ऑपरेशन, कोणत्या बाजूचं, हे चार वेगवेगळ्या माणसांनी माझ्याच तोंडून वदवून घेतलं. चौथ्यांदा मी वैतागले, "फायलीत आहे की सगळं!" नर्स म्हणाली, "फाईल आमचीच आहे, म्हणून तर तुम्हाला विचारतेय." मग सर्जनने मार्करने उजव्या जांघेवर बाण काढला आणि मला बघायला लावला. हे काही तिकडच्या लोकांचं सौजन्य नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची ऑपरेशनमधल्या सुरक्षिततेसाठीची २००८ची चेकलिस्ट भूल देण्याआधी पहिलं हेच करायला सांगते, आणि ती ठाण्यालाही तेवढीच लागू पडते.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यावरून दोन तट पडले. एक म्हणतो, डॉक्टरवर विश्वास ठेवा, गुगल वाचून डोकं खाऊ नका. दुसरा म्हणतो, सगळे बिलासाठी कापतात, घरातल्या जाणत्या माणसाने उलटतपासणी घ्यावी. दोघांच्याही भांडणात पेशंट कुठेच नाही! आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच एका खटल्यात स्पष्ट केलंय, की सज्ञान बाई भुलेखाली असताना, जिवावर बेतलेलं नसताना, तिच्या आईने दिलेली संमती चालत नाही. ब्रिटनमध्येही 'डॉक्टरला योग्य वाटेल तेवढं सांगावं' हाच खाक्या होता. तो २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मोडला. म्हणजे तिकडचे लोक जन्मतःच शहाणे असतात असं काही नाही.

मला वाटतं, प्रश्न मानापानाचा नाहीच. रात्री वॉर्डात ठेवतात तेव्हा औषधं नर्स देते, ताप नर्स बघते. संध्याकाळी घरी पाठवलं की ती नर्स पेशंटलाच व्हावं लागतं. मग तिला कोणी शिकवायचं? रक्त पातळ करण्याची गोळी कधी थांबवायची, उपाशी पोटी मधुमेहाची गोळी घ्यायची का, काय झालं तर रात्री फोन करायचा, हे सगळं लेकीला सांगून लेक विमानात बसली तर?

अर्थात तिकडचं सगळंच इथे आणा असं मी म्हणणार नाही. माझा नंबर लागायला महिने गेले. भूल दिल्यावर रात्रभर घरात कोणीतरी मोठं माणूस हवं, नाहीतर ऑपरेशन रद्द, अशी अट होती, आणि मी ऑफिसातल्या एकीला अक्षरशः विनवून आणलं. आईसाठी शेजारच्या तीन बायका हजर होत्या, तिघींचे सल्ले तीन.

आईने मात्र आपली सोय लावली. थेंबांच्या बाटल्या तीन: एकीला एक रबरबँड, दुसरीला दोन, तिसरीला काहीच नाही. दोन थेंबांमध्ये दहा मिनिटं, स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून. प्रत्येक वेळ वहीत, शाळेच्या हजेरीसारख्या खुणांनी. तपासणीला डॉक्टरांनी सवयीने मला विचारलं, "थेंब वेळेवर घालता ना?" आईने वही टेबलावर ठेवली. त्यांनी दोन पानं उलटली आणि पुढचं सगळं तिच्याशीच बोलले.

उजव्या डोळ्याची तारीख ती परवा एकटीच ठरवून आली. मला फोन केला, तो तिकीट काढू नकोस हे सांगायला.